अकरा मुलांची आई आणि ओट्याची उंची

मैत्रिणींनो, हा लेख वाचायला बसण्याआधी एकदा स्वयंपाकघरात जाऊन या. फ्रिजचं दार उघडा. दाराच्या आतल्या अंगाला फळ्या असतील, अंडी ठेवायला खळगे असतील, लोण्यासाठी झाकणाचा छोटा कप्पा असेल. पायानं दाबलं की झाकण उघडणारा कचऱ्याचा डबा घरात असला, तर तोही पाहून घ्या. खरकटे हात झाकणाला लावावे लागत नाहीत एवढीच त्याची करामत. पण दिवसातून किती वेळा ती उपयोगी पडते!

या वस्तू आपण इतक्या सहज वापरतो, की त्या कुणाला तरी सुचल्या असतील हे ध्यानातही येत नाही. फ्रिजच्या दारातल्या फळ्या आणि पायाचा कचरापेटा, या दोन्ही कल्पनांचं श्रेय एका अमेरिकन बाईंना दिलं जातं. त्यांचं नाव लिलियन गिलब्रेथ. त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, इंजिनिअर म्हणून नाव कमावलं आणि वयाच्या ४६व्या वर्षी वैधव्य आलं तेव्हा त्यांच्या पदरात अकरा मुलं होती. थोरली नुकतीच कॉलेजात गेलेली, धाकटी जेमतेम दोन वर्षांची.

आणि गंमत म्हणजे, साऱ्या अमेरिकेला स्वयंपाकघर कसं मांडावं हे शिकवणाऱ्या या बाईंना स्वतःला स्वयंपाक फारसा येत नव्हता! ही गोष्ट त्यांनी मुलांपासून कधी लपवली नाही. तेव्हा ही काही सुगरणीची कथा नव्हे. बायकांच्या कष्टांकडे डोळे उघडून पाहणाऱ्या एका बाईची ही कथा आहे.

लाजाळू मुलगी

लिलियनचा जन्म २४ मे १८७८चा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंड गावचा. वडील विल्यम मोलर हे सुखवस्तू व्यापारी, घराणं मूळचं जर्मन. घरात नऊ भावंडं, त्यांत ही सर्वांत थोरली. आता थोरल्या मुलीच्या वाट्याला काय येतं हे तुम्हांला सांगायला नको. आईची बाळंतपणं आणि आजारपणं चालूच, त्यामुळे धाकट्यांना सांभाळणं हिच्याकडे. मुलगी बुजरी, अबोल. आपण दिसायला सामान्य आहोत, आपलं लग्न काही व्हायचं नाही, अशी तिची स्वतःची समजूत. मग निदान शिकावं तरी, असं तिनं ठरवलं.

वडिलांना ते पसंत नव्हतं. खाऊनपिऊन सुखी घरच्या मुलीला कॉलेज कशाला? पुढं काय नोकरी करायची आहे? तिकडच्या बापांची भाषाही काही वेगळी नव्हती, बरं का! शेवटी घरीच राहायचं, घरची कामं सांभाळायची, या अटींवर परवानगी मिळाली. लिलियन बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जाऊ लागली. १९००मध्ये ती इंग्रजी वाङ्मय घेऊन पदवीधर झाली आणि पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीनं भाषण करण्याचा मान त्या विद्यापीठात प्रथमच एका मुलीला मिळाला.

पुढच्या शिक्षणासाठी ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली. ज्या प्राध्यापकांकडे शिकायची आस धरून गेली, त्यांनी आपल्या वर्गात मुलींना घ्यायला नकार दिला. तिनं मग मानसशास्त्राचे वर्ग धरले. पण तब्येत बिघडली, घरी परतावं लागलं. एम.ए. तिनं बर्कलीहूनच १९०२ साली केलं. कोलंबियातलं ते मानसशास्त्र मात्र वाया गेलं नाही. तिचं पुढचं सगळं आयुष्य त्यावरच उभं राहायचं होतं.

विटा मोजणारा नवरा

१९०३मध्ये मैत्रिणींबरोबर युरोपच्या प्रवासाला निघालेली लिलियन वाटेत बॉस्टनला थांबली. तिथं तिची फ्रँक गिलब्रेथशी ओळख झाली. फ्रँक दहा वर्षांनी मोठा, गडगडाटी हसणारा, अंगानं भरलेला. वडील लहानपणीच वारलेले. त्याच्या आईनं बॉस्टनमध्ये भाडेकरू ठेवून, त्यांना जेवू घालून मुलं वाढवली. फ्रँक सतराव्या वर्षी कॉलेजात न जाता गवंड्याच्या हाताखाली लागला आणि पुढं मोठा कंत्राटदार झाला.

गवंडीकाम शिकताना त्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती. प्रत्येक गवंडी वीट वेगळ्या तऱ्हेनं लावी. इतकंच नव्हे, तर एकच गवंडी शिकवताना एका तऱ्हेनं, घाईत दुसऱ्या आणि सावकाश काम करताना तिसऱ्या तऱ्हेनं वीट लावी. मग यांतली बरोबर तऱ्हा कोणती? फ्रँकनं हालचाली मोजायला सुरुवात केली. गवंडी प्रत्येक विटेसाठी कमरेतून वाकत होता. म्हणजे पाच पौंडांची वीट उचलायला आपलं सगळं धड दरवेळी खालीवर करत होता! फ्रँकनं भिंतीबरोबर वर सरकवता येणारी परात तयार केली, विटा आणि चुना हाताशी ठेवायची सोय केली. एक वीट लावायला अठरा हालचाली लागत, त्या पाचांच्या आसपास आल्या. गवंडी दमेनासा झाला आणि भिंतही लवकर उभी राहू लागली.

१९ ऑक्टोबर १९०४ला दोघांचं लग्न झालं. आपल्याला बारा मुलं हवीत, सहा मुलगे आणि सहा मुली, असं फ्रँकनं जाहीर केलं. बायकोनं आपल्या धंद्यात बरोबरीनं भाग घ्यावा, हेही त्यानं तेवढ्याच उत्साहानं सांगितलं. तिनं वाङ्मयाऐवजी मानसशास्त्रात डॉक्टरेट करावी, ही कल्पनाही त्याचीच. नवरा हालचाली मोजी. बायको विचारी, 'पण ज्याचे हात हलताहेत त्या माणसाला काय वाटतं?' तो कंटाळला आहे का, त्याचे डोळे दुखतात का, त्याला बसायला स्टूल का नाही? त्या काळी कारखान्यात कामगारांमागे घड्याळ घेऊन उभं राहणारे तज्ज्ञ पुष्कळ होते आणि कामगार त्यांचा राग राग करीत. गिलब्रेथ जोडप्याचा भर वेगळा होता. कामाचं चलच्चित्र घ्यायचं, ते कामगाराबरोबर बसून पाहायचं आणि शीण कुठं वाचेल ते शोधायचं. हातांच्या मूळ हालचालींना त्यांनी 'थर्ब्लिग' असं नाव दिलं. गिलब्रेथ हे आडनाव जवळजवळ उलटं वाचलं की ते तयार होतं!

शस्त्रक्रिया चालू असताना डॉक्टर नुसता हात पुढं करतात आणि नर्स नेमकं हवं ते हत्यार त्या हातावर ठेवते, हे तुम्ही सिनेमात पाहिलंच असेल. ही पद्धत प्रथम सुचवणाऱ्यांत फ्रँकचं नाव घेतात.

पुस्तकावरची अक्षरं

आता लिलियनबाईंच्या वाट्याला काय आलं ते ऐका. पाळणा सतत हलता. सासूबाई मार्था घरात होत्या, त्यांनी संसाराचा गाडा ओढला म्हणूनच बाईंचं लिहिणं-वाचणं झालं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. बाळंतपणात पडल्यापडल्या त्या हस्तलिखितं तपासत. अशा रीतीनं त्यांनी कामाच्या व्यवस्थापनात मनाचा विचार कसा करावा यावर प्रबंध लिहिला. बर्कलीच्या विद्यापीठानं तो पाहिला, पण शेवटचं वर्ष तिथं राहून काढलं पाहिजे, हा नियम पुढं केला. बाई तर मुलाबाळांसह देशाच्या दुसऱ्या टोकाला! पदवी अडली.

त्यांनी तो प्रबंध पुस्तकरूपानं काढायचं ठरवलं. १९१४ साली पुस्तक निघालं, पण त्यावर पूर्ण नाव नव्हतं. 'एल. एम. गिलब्रेथ' एवढंच. लेखक बाई आहे हे कळलं तर कारखानदार पुस्तक घेणार नाहीत, अशी प्रकाशकाला धास्ती. नवऱ्याच्या नावावर निघालेल्या काही पुस्तकांतही त्यांचे कष्ट होते, पण नाव नव्हतं. पुढं प्रॉव्हिडन्स गावच्या ब्राउन विद्यापीठात त्यांनी नव्यानं दुसरा प्रबंध लिहिला आणि १९१५मध्ये डॉक्टरेट घेतलीच. एक प्रबंध नाकारला गेल्यावर, घरात चार-पाच लहान मुलं असताना, पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायची! आपल्यापैकी कितीजणींनी केली असती?

याच काळात एक घाव बसला. १९१२ साली मेरी नावाची त्यांची पाच वर्षांची मुलगी घटसर्पानं गेली. हे दुःख त्या जोडप्यानं मनात खोल पुरून टाकलं, मुलांसमोर त्याचा उच्चार सहसा केला नाही. पुढं जगभर 'बारा मुलांचं कुटुंब' म्हणून ते घर ओळखलं गेलं. पण सगळी बारा मुलं एकाच वेळी त्या घरात कधीच नव्हती.

घर की कारखाना?

न्यूजर्सीतल्या माँटक्लेअर गावी हे कुटुंब स्थिरावलं, आणि तिथल्या घराच्या कहाण्या पुढं फार गाजल्या. न्हाणीघरात प्रत्येक मुलाच्या नावाचा तक्ता टांगलेला. दात घासले, अंघोळ केली, अंथरूण आवरलं, की मुलानं त्यावर सही करायची. अंघोळ चालू असताना ग्रामोफोनवर फ्रेंच आणि जर्मन भाषेचे धडे चालू. रविवारी कुटुंबाची सभा भरे. अध्यक्ष वडील, पण मत प्रत्येकाला. घरातली जादा कामं, म्हणजे कुंपण रंगवणं वगैरे, मुलांना टेंडर भरून मिळत! सर्वांत कमी पैसे मागेल त्याला काम. वडील जाकिटाची बटणं खालून वर लावीत, कारण त्यात काही सेकंद वाचतात.

हसू येतं ना? पण यांतली एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. घरच्या कामांत मुलगे आणि मुली, दोघांचाही वाटा असे. मुलग्यांनाही कामातून सुटका नव्हती.  काम घराचं, तेव्हा ते घरातल्या सर्वांचं.

१४ जून १९२४

फ्रँक त्या दिवशी न्यूयॉर्कला निघाला होता. थोड्याच दिवसांत त्याला युरोपला जायचं होतं. लंडनला एक परिषद, प्राग शहरात दुसरी, दोन्हीकडे भाषणं. माँटक्लेअरच्या स्टेशनवरून त्यानं घरी फोन लावला. लिलियनबाई बोलत होत्या, आणि एकाएकी पलीकडचा आवाज थांबला. हृदयविकाराचा झटका. वय अवघं पंचावन्न.

अकरा मुलं. शिलकीत फारसं काही नाही, कारण जे मिळे ते धंद्यातच जाई. कॅलिफोर्नियात माहेर होतं, श्रीमंत होतं. तिथं परत जाण्याचा रस्ता मोकळा होता. चार माणसांनी तसा सल्ला दिला तर त्यात नवल नव्हतं.

बाईंनी मुलांची सभा बोलावली. वडिलांच्या खुर्चीवर या वेळी आई बसली. मी तुमच्या वडिलांच्या जागी युरोपला जाऊन भाषणं केली तर धंदा टिकेल असं वाटतं, तुमचं मत काय? मुलांनी होकार दिला. पतीच्या मृत्यूनंतर पाचव्या दिवशी त्या बोटीवर चढल्या. मागं मुलं थोरल्यांच्या आणि टॉम नावाच्या जुन्या नोकराच्या भरवशावर नँटकेट बेटावरच्या सुटीच्या घरी गेली. आपल्याकडे काय, तिकडे काय, पतीला जाऊन आठवडा झाला नाही तोच बोटीनं निघालेल्या बाईबद्दल लोक काय बोलले असतील याची कल्पना तुम्ही करू शकाल. बाईंनी ते कानांआड केलं. लंडन आणि प्राग, दोन्ही ठिकाणी त्या बोलल्या.

परतल्यावर मात्र खरी परीक्षा. ज्या कारखान्यांशी करार होते ते एकेक करून मागं सरले. नवराबायको जोडीनं काम करत होते तोवर ठीक. नुसत्या बाईचा सल्ला कोण घेणार? तिला डॉक्टरेट होती, वीस वर्षांचा अनुभव होता, पण त्याचा उपयोग झाला नाही.

बायकांचा प्रांत

इथं बाईंची खरी हुशारी दिसते. लोखंडी कारखान्याचं दार उघडत नाही ना, मग जिथं बाई लागतेच तिथून आत जाऊ, असं त्यांनी ठरवलं. आधी राहत्या घरातच त्यांनी हालचालींच्या अभ्यासाचे वर्ग सुरू केले. कारखानदारांनी आपली माणसं तिथं शिकायला पाठवली. मग न्यूयॉर्कच्या मेसीज या प्रचंड दुकानात त्यांना काम मिळालं. तिथं विक्रीच्या आणि रोकड मोजण्याच्या कामावर असलेल्या मुली दिवसअखेर इतक्या का दमतात, चुका कुठं होतात, हे त्यांनी शोधलं.

१९२६च्या सुमारास जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीनं त्यांच्याकडे एक नाजूक काम दिलं. मासिक पाळीच्या दिवसांत वापरायच्या पट्ट्या बायकांना पसंत का पडत नाहीत? त्या काळात अमेरिकेतसुद्धा या विषयावर उघड बोलण्याची चाल नव्हती. बाईंनी हजारांवर बायका-मुलींना प्रश्नावल्या पाठवल्या आणि त्यांची उत्तरं जशीच्या तशी कंपनीपुढं ठेवली. पट्टी मोठी नि बोजड आहे, टोचते, कपड्यांवरून दिसते, टाकायची पंचाईत होते. वस्तू बनवणारे सगळे पुरुष, वापरणाऱ्या सगळ्या बायका, आणि वापरणारीला कुणी विचारलेलंच नव्हतं!

'वापरणारीला विचारा' हे सूत्र घेऊन त्या स्वयंपाकघरात शिरल्या. १९२७मध्ये गृहिणी आणि तिचं काम या विषयावर त्यांचं पुस्तक निघालं. त्यात एक म्हणणं ठामपणे मांडलेलं होतं. घरकाम हे काम आहे. कारखान्यातल्या कामाइतकंच ते अभ्यासाच्या योग्यतेचं आहे. कारखान्यात कामगार वाकतो म्हणून परात बदलतात. मग घरात बाई वाकते तेव्हा ओटा का बदलत नाहीत?

१९२९ साली ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी त्यांनी एक नमुन्याचं स्वयंपाकघर रचलं. त्या कंपनीच्या प्रमुखपदीही एक बाईच होत्या, मेरी डिलन. या स्वयंपाकघरात शेगडी, ओटा आणि भांड्यांची मांडणी एकमेकांना लागून होती. कोरडं सामान वर, भांडी खाली, फ्रिज हाताशी, आणि जागा अपुरी पडली तर ओढून घ्यायला चाकांचं छोटं टेबल. मग त्यांनी एक प्रयोग करून पाहिला. स्ट्रॉबेरीचा केक आधी जुन्या पद्धतीच्या स्वयंपाकघरात करवला, मग या नव्यात. भांडी तीच, साहित्य तेच. जुन्या ठिकाणी २८१ पावलं चालावं लागलं. नव्यात ४५!

पुढं जनरल इलेक्ट्रिक कंपनीसाठी काम करताना त्यांनी चार हजारांवर बायकांकडून माहिती घेऊन शेगडी, बेसिन आणि ओटा यांची उंची किती असावी याचा विचार केला. ब्रुकलिनचं स्वयंपाकघर त्यांच्या स्वतःच्या आणि मेरी डिलनच्या उंचीला साजेसं झालं होतं, कारण दोघीही चांगल्या उंच. पण बाईंचं सांगणं असं, की सर्वांना एक माप लावू नका, जी उभी राहणार तिचं माप घ्या. १९३३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कल्पनेतलं गृहिणीचं टेबल मांडलं होतं. त्यावर हिशेब, टेलिफोन, पाककृती, पत्रव्यवहार सगळ्याची सोय. घर चालवणारीला बसून विचार करायला एक जागा हवी, ही त्यामागची कल्पना.

मानाची वर्षं

हळूहळू बंद दारंही उघडू लागली. १९३० साली बेकारीचा वणवा पेटला तेव्हा अध्यक्ष हूव्हर यांनी नेमलेल्या रोजगार समितीच्या महिला विभागाचं काम त्यांच्याकडे आलं. १९३५मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग विभागात त्या प्राध्यापक झाल्या. तिथं त्या पदावरची पहिली स्त्री त्याच. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हृदयविकार झालेल्या, एका हातानं अधू झालेल्या, चाकाच्या खुर्चीवरून संसार करणाऱ्या बायकांसाठी स्वयंपाकघर कसं असावं, यावर त्यांनी पुष्कळ काम केलं. आपल्या सगळ्या कामात हेच मोलाचं, असं ते काम पाहणाऱ्याला वाटतं.

१९४८ साली त्यांच्या फ्रँक आणि अर्नेस्टाइन या मुलांनी आपल्या घरावर 'चीपर बाय द डझन' हे विनोदी पुस्तक लिहिलं. ते अफाट खपलं, १९५०मध्ये त्यावर सिनेमाही निघाला. वडिलांच्या लहरी सर्वांना पाठ झाल्या. आईनं पुढं एकटीनं काय केलं, ते दुसऱ्या पुस्तकात आलं. अकराही मुलं कॉलेजात गेली. धाकटीचं शिक्षण होईपर्यंत जवळजवळ वीस वर्षं बाई फी भरत होत्या.

१९६५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय इंजिनिअरिंग अकादमीवर निवडून आलेली पहिली स्त्री होण्याचा मान त्यांना मिळाला. तेव्हा वय होतं ८७. २ जानेवारी १९७२ला, ९३ वर्षांच्या होऊन त्या गेल्या. १९८४मध्ये अमेरिकेनं त्यांच्या चित्राचं टपाल तिकीट काढलं. ज्या बाईचं पूर्ण नाव पुस्तकावर छापायला प्रकाशक धजला नव्हता, तिचं नाव घराघरांतल्या पत्रांवर चिकटलं!

आपण काय घ्यायचं?

इथं एक प्रश्न सरळच विचारते. पावलं वाचली, मिनिटं वाचली, मग बायकांचे कष्ट कमी झाले का?

रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली यावर पुस्तक लिहिलं. त्यांना आढळलं ते असं, की यंत्रं आली तरी तिकडच्या गृहिणीचे कामाचे तास फारसे घटले नाहीत. कपडे धुण्याचं यंत्र आलं, तर कपडे रोज धुतले जाऊ लागले. घर अधिक चकचकीत हवं, ताटात अधिक प्रकार हवेत. शिवाय पूर्वी लाकडं फोडणारा नवरा आणि पाणी भरणारी मुलं यंत्रांमुळे मोकळी झाली, आणि राहिलेलं सारं एकटीवर आलं. आपल्याकडे मिक्सर आल्यावर चटणीचे प्रकार वाढले की वेळ वाचला, ते ज्याचं त्यानं आठवून पाहावं.

म्हणून लिलियनबाईंचं अर्धंच ऐकून चालणार नाही. ओटा बदला हे तर त्या सांगतातच, पण तक्त्यावर सर्वांची नावं घाला हेही सांगतात. आणि वाचलेला वेळ कशासाठी? त्यांच्याकडे 'आनंदाची मिनिटं' असा शब्द होता. वाचलेल्या मिनिटांत आणखी एक काम कोंबायचं नाही, ती आपल्या आनंदाला द्यायची.

तेव्हा या आठवड्यात एवढं करून पाहा.

एक. सकाळचा चहा करताना मुलाला किंवा मुलीला कागद-पेन्सिल देऊन बसवा आणि तुमची पावलं मोजायला सांगा. साखर एका टोकाला, गाळणं दुसऱ्या, कप तिसऱ्या, असं निघालं तर तिन्ही शेगडीजवळ आणा. मग पुन्हा मोजा.

दोन. रोज लागणारी वस्तू खांद्याच्या वर किंवा गुडघ्याच्या खाली ठेवू नका. तिथं दिवाळीचे सोऱ्या-साचे जाऊ देत. मिसळणाचा डबा, पळी, सांडशी हात लांबवला की मिळाली पाहिजे.

तीन. ओट्यासमोर सरळ उभ्या राहा, कोपर वाकवा. भाजी चिरण्यासारख्या हलक्या कामाला ओटा कोपरापासून १० ते १५ सेंटिमीटर खाली असावा. कणीक मळायला, पोळ्या लाटायला जोर लागतो, त्यासाठी आणखी थोडा खाली हवा. ओटा फार उंच असेल तर पायाखाली भक्कम पाट घ्या. बुटका असेल तर चिरायच्या फळीखाली जाड लाकडी ठोकळा ठेवा. नवं घर बांधताना किंवा घेताना गवंड्याला सांगा, माप माझं घे. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी ओट्यापाशी उभं तुम्हांला राहायचं आहे.

चार. बसून होईल ते काम बसून करा. शेंगा सोलायला, भाजी निवडायला उभं राहण्यात कसलंही पुण्य नाही.

पाच. कामांचा तक्ता लिहा आणि भिंतीवर लावा. घरात जितकी माणसं तितकी नावं. 'ह्यांचं' नावही त्यात घाला. पहिले आठ दिवस कुरकुर होईल, ताटं नीट पुसली जाणार नाहीत, गादी वेडीवाकडी घातली जाईल. मागाहून जाऊन नीट करू नका, एवढं पथ्य पाळा. दुसऱ्याच्या कामावरून पुन्हा आपला हात फिरवला की ते काम परत आपल्याकडे येतं, हे आपल्याला अनुभवानं ठाऊक आहे.

आणि यातून दहा मिनिटं जरी वाचली, तरी ती कुणाला सांगू नका. खिडकीपाशी खुर्ची ओढा, आणि चहा गरम असतानाच प्या.